चाकाचा दागिना

निवृत्त माणसाकडे लोक सल्ला मागायला येतात, त्याची कारणे दोन. एक तर त्याच्यापाशी वेळ भरपूर असतो आणि दुसरे म्हणजे त्याचा सल्ला मानलाच पाहिजे असे बंधन आता कुणावर उरलेले नसते. माझा भाचा एके दिवशी सकाळीच घरी आला, तेव्हा मी त्याचे स्वागत याच समजुतीने केले. त्याच्या हातात जुन्या धोतराच्या तुकड्यात गुंडाळलेले काहीतरी होते. "मामा, आजोबांच्या ट्रंकेत काय सापडलं बघा," असे म्हणत त्याने गाठ सोडली. आत लहान परातीएवढे, मध्ये फुगीर, क्रोमचा मुलामा चढवलेले एक झाकण होते. एका कडेला मोठा पोचा आलेला; बाकी अर्धशतक उलटून गेले तरी त्यात तोंड दिसावे इतके लखलखीत. मी ते पाहताक्षणीच ओळखले. पण त्या सकाळी काही बोललो नाही.

भाच्याचा व्यवसाय यंत्रांचा आणि छंद जुन्या गाड्यांचा. एका बंद पडलेल्या कारखान्याच्या आवारात गवतात रुतून बसलेली साठच्या दशकातली लेलँड कॉमेट बस त्याने भंगाराच्या भावात घेतली होती. मद्रासजवळ एन्नोरला 1948 साली सुरू झालेली अशोक मोटर्स ही कंपनी 1955 मध्ये अशोक लेलँड झाली, आणि पुढे या कॉमेटच्या सांगाड्यांवर दक्षिणेत असंख्य बसगाड्या आणि मालमोटारी उभ्या राहिल्या. भाच्याने दोन वर्षे खपून इंजिन चालते केले, लाकडी चौकटी बदलल्या, आसने शिवून घेतली, फिका पिवळा आणि तांबडा रंग दिला. राहिली होती फक्त चाके. आजोबांच्या ट्रंकेतले झाकण हा त्याला शुभशकुन वाटला. त्याच नमुन्याची झाकणे चारही चाकांना घडवून घ्यायची आणि बस आजोबांच्या स्मृतीला अर्पण करायची, असा त्याचा बेत होता. मी त्यात मदत करावी, हा आग्रह.

माझे वडील, ज्यांना आम्ही अण्णा म्हणत असू, ते मोटारीचे मिस्त्री होते. हैदराबाद संस्थानात 1932 साली निजाम स्टेट रेल्वेच्या रस्ता वाहतूक विभागाने 27 बसगाड्या घेऊन सरकारी बससेवा सुरू केली, तेव्हा अण्णा आठ वर्षांचे होते. त्या अल्बियन गाड्या पाहायला शाळा बुडवून गेल्याबद्दल खाल्लेला मार ते म्हातारपणीही कौतुकाने सांगत. आमच्या मराठी घरांतली बहुतेक मुले त्या काळी वकिली, शिक्षकी किंवा दफ्तरातली कारकुनी धरत. अण्णांनी पाना धरला. नातेवाइकांत त्याची थोडी कुजबुज झाली असावी. पण खंडेनवमीला आमच्या देवघरासमोर पोथीशेजारी पाने, पकड आणि एक लहान हातोडी मांडली जाई आणि त्यांना हळदकुंकू वाहताना आईच्या चेहऱ्यावर कसलाही संकोच नसे.

भाच्याबरोबर मी हिंडू लागलो. चाकाचे झाकण निवडणे ही वाटते तितकी सोपी गोष्ट नाही, हे पहिल्या आठवड्यातच कळले. बसच्या पुढच्या चाकाची तबकडी बाहेरच्या बाजूला फुगलेली असते आणि मध्यभागी बेअरिंगवरची ग्रीसची टोपी तेवढी पुढे येते. मागे जोडटायर असल्याने बाहेरच्या चाकाची तबकडी आत खोल जाते आणि त्या खळग्यातून एक्सलचा जाड दांडा व त्याची बोल्टांनी वेढलेली चकती डोके वर काढते. म्हणजे पुढच्या चाकाला उथळ ताटली लागते, मागच्याला खोल पातेले. एकाच मापाची चार झाकणे आणून लावू म्हणणारा पहिल्याच चाकापाशी फसतो. शिवाय हवा भरण्याच्या नळीपर्यंत हात पोचला पाहिजे. जोडटायरमधल्या आतल्या टायरची नळी तर आधीच अडचणीत असते. झाकणात त्यासाठी योग्य जागी भोक न ठेवले, तर दर वेळी हवा भरताना सगळे झाकण उतरवावे लागते.

धातूचा प्रश्न निराळाच. राणीगंजच्या दुकानांत तयार झाकणे मिळाली, पण ती आजच्या मालमोटारींच्या मापाची. जुमेरात बाजारात दोन जुनी सापडली. क्रोमच्या मुलाम्याखाली गंजाचे फोड आलेले. मुलामा एकदा सुटला की खालचे लोखंड आतून पोखरत जाते आणि वरून मात्र चकाकी कायम राहते. पितळ मला आवडते, त्याची झळाळी उबदार असते; पण त्याला दर पंधरवड्याला चिंच लावून घासणारे हात हवेत. ॲल्युमिनियम नरम, आकार पटकन घेते आणि तेज पटकन सोडते. शेवटी स्टेनलेस स्टील ठरले. बालानगरच्या एका लहानशा कारखान्यात लेथवर पत्रा फिरवून आकार देणारे एक वयस्क कारागीर भेटले. पोचा आलेले झाकण हातात फिरवून ते म्हणाले, "साब, पहले लकडी का साचा बनाना पडता. फिर पत्रा उसपर बैठता. जल्दी करे तो फटता." लाकडी साच्यावर गरगर फिरणारा पत्रा लांब दांड्याच्या हत्याराने दाबत दाबत ते वाटीसारखा वळवीत, तेव्हा कुंभाराच्या चाकाची आठवण व्हावी.

इथवर मला आनंदच वाटत होता. खरी अडचण आली ती झाकण बसवायचे कसे, या प्रश्नावर. भाच्याने तीन पट्ट्यांची एक चौकट आखली होती. चाकाचे काही नट सोडवायचे, त्यांच्याखाली पट्ट्या घालायच्या आणि नट पुन्हा आवळायचे. झाकण त्या चौकटीला स्क्रूने जोडायचे. सोपे आणि भक्कम. त्याने लंडनच्या बसगाड्यांची छायाचित्रेही दाखवली. तिथल्या आरटी आणि रूटमास्टर बसच्या मागच्या चाकांवर सपाट गोल चकत्या असत. म्हणजे ही पद्धत अगदी अस्सल, असे त्याचे म्हणणे. मी त्याला एवढेच म्हणालो, की त्याच चकत्या पुढे गाड्या सेवेत असतानाच काढून टाकल्या गेल्या, आणि आज दिसतात त्या बहुतेक जतन करणाऱ्यांनी हौसेने पुन्हा बसवलेल्या. "का काढल्या?" त्याने विचारले. नट दिसावेत म्हणून, असे उत्तर माझ्या ओठांवर होते. पण ते उत्तर एका वाक्यात संपणारे नव्हते. मी त्याला रात्री जेवायला बोलावले.

1968 सालची गोष्ट. अण्णा तेव्हा एका खासगी बसमालकाच्या गॅरेजात मुख्य मिस्त्री होते. लग्नाची वऱ्हाडे आणि यात्रेकरू नेणाऱ्या चार बस. लगीनसराईच्या तोंडावर मालकांनी एका बसला नवा रंग दिला आणि चारही चाकांवर क्रोमची झाकणे चढवली. नटांखाली पट्ट्या घालूनच. वऱ्हाडी मंडळींना ती चकाकी फार आवडे. नवरदेवाच्या गाडीपेक्षा बसच जास्त सजली, अशी थट्टा होई.

अण्णांचा रोजचा नेम असा, की गाडी निघण्यापूर्वी हातोडीने प्रत्येक नटावर एकेक टोला मारायचा. घट्ट नट खणखणीत बोलतो, ढिला नट बद्द. ब्रिटिश घडणीच्या गाड्यांत डाव्या बाजूच्या चाकांच्या नटांचे आटे उलटे असतात, उजव्या बाजूचे सुलटे. चाकाच्या फिरण्याने नट सुटू नयेत म्हणून ही योजना. पण नट आणि चाक यांच्यामध्ये रंगाचा ताजा थर किंवा एखादी पट्टी आली, की ती दाबली जाते, झिजते आणि नटाची पकड हळूहळू कमी होते. मग आटे उलटे असोत की सुलटे. ढिल्या नटाभोवती गंजाचे तांबूस ओघळ उमटतात, हाच पहिला इशारा. झाकणाखाली तो कुणाला दिसणार?

त्या दिवशी वऱ्हाड निजामाबादला निघाले होते. कामारेड्डीच्या पुढे बसचे मागचे डावे बाहेरचे चाक निखळून शेतात गेले. बस कडेच्या चरात कलली. देवाची कृपा म्हणायची, कुणी दगावले नाही. दोघांचे हात मोडले, एका वृद्ध बाईंच्या डोक्याला टाके पडले. ठपका आला ड्रायव्हरवर. भरधाव हाकली, असा. आम्ही मुले त्यांना चाचा म्हणत असू. आठवड्याभरात त्यांची नोकरी गेली आणि ते मेदकजवळच्या आपल्या गावी परतले.

पुढे अनेक वर्षे दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात अण्णा मला एका मनिऑर्डरीचा फॉर्म देऊन टपाल कचेरीत पाठवीत. फॉर्मवर चाचांचे नाव असे. ओढगस्तीच्या दिवसांतही ती चुकली नाही. मला ते अण्णांचे औदार्य वाटे, आणि त्याचा अभिमानही.

खरे काय ते 1982 मध्ये कळले. मी सरकारी नोकरीत रुजू होणार होतो, त्याच्या आदल्या रात्री अण्णांनी ट्रंक उघडून हे झाकण माझ्यापुढे ठेवले. दुसऱ्या दिवशी बस ओढून आणायला गेले तेव्हा शेतात सापडलेले. म्हणाले, "त्या सकाळी मी झाकणं काढली नव्हती. सहा स्क्रू, चार चाकं. उशीर होत होता, वऱ्हाड खोळंबलं होतं. वहीत मात्र 'नट तपासले' असं लिहून सही केली. चाचाचा काही दोष नव्हता. मी बोललो असतो तर नोकरी गेली असती, घरात सहा माणसं होती. बोललो नाही." थोड्या वेळाने म्हणाले, "तू उद्यापासून सह्या करणार. बघून कर."

हे मी कुणालाच सांगितले नव्हते, बहिणीलाही नाही. भाच्याला सांगताना वाटत होते, की आपण एका माणसाची मूर्ती तिच्या नातवासमोर फोडत आहोत. तो बराच वेळ पोचा आलेल्या कडेवरून बोट फिरवीत राहिला. मग त्याने विचारले, "आणि मामा, तुम्ही? सगळ्या बघून केल्यात?"

मी त्याला खरे सांगितले. चौतीस वर्षांच्या नोकरीत मी हजारो फायलींवर सह्या केल्या. नीट टाचलेली, सुवाच्य टिपणी वर असली की आतली कागदपत्रे न उलटता सही केल्याचे प्रसंग बोटांवर मोजण्याइतके नाहीत, त्याहून अधिक आहेत. त्यातल्या एका सहीमुळे एका विधवा बाईंचे निवृत्तिवेतन अकरा महिने अडले. चूक माझ्या कनिष्ठाच्या नावावर गेली. मी कोणाला मनिऑर्डर पाठवली नाही.

दुसऱ्या दिवशी मला वाटले, आता हा झाकणांचा नाद सोडून देईल. तसे झाले नाही, आणि त्याचे मला बरे वाटले. कारण सजावट ही काही पापाची गोष्ट नव्हे. माझ्या आजोळी एक छकडा होता. त्याच्या चाकाच्या तुंब्याला पितळी पट्टी होती, बैलांच्या गळ्यात घुंगरमाळा होत्या. पण आसाच्या टोकाची खीळ मात्र उघडी असे, आणि गाडीवान बसण्यापूर्वी तिला हात लावून पाही. नटणे वेगळे आणि झाकणे वेगळे.

आम्ही दोघांनी मिळून नवी रचना केली. नटांच्या वर्तुळाबाहेरून जाणारे रुंद, चकचकीत कडे आणि मध्यभागी छोटी टोपी. दोहोंच्या मधला नटांचा पट्टा संपूर्ण उघडा. पुढच्या चाकांना असे संरक्षक कडे जुन्या बसगाड्यांतही असे, त्यामुळे रूपाला ते शोभते. नटांच्या खाली काहीही घालायचे नाही, हा पहिला नियम. चाकाचे नट स्वच्छ, रंग खरवडलेल्या धातूवर पूर्ण आवळून झाले, की स्टडचे जे आटे बाहेर उरतात त्यांवर कड्याच्या पट्ट्या दुसऱ्या लहान नटांनी धरायच्या. कडे निघाले तरी चाक निघणार नाही. बालानगरच्या कारागिरांनी मधल्या टोप्या नव्या साच्यावर वळून दिल्या. मागच्या दोन खोल, पुढच्या दोन उथळ.

पहिली फेरी आम्ही शहराबाहेर काढली. चाक एकदा काढून बसवले, की पहिल्या पन्नास ते शंभर किलोमीटरांत नट पुन्हा आवळून घ्यावे लागतात; नवे जोड आपापल्या जागी बसताना थोडे सैलावतात. पन्नास किलोमीटर होताच भाच्याने बस झाडाखाली उभी केली. मी घरून अण्णांची हातोडी नेली होती. त्याने प्रत्येक चाकाभोवती फिरून टोले मारले. मागच्या डाव्या चाकाचे दोन नट बद्द बोलले. त्याने पाना लावून ते उलट्या बाजूला आवळले, पुन्हा टोला मारून ऐकले आणि खिशातल्या वहीत लिहून घेतले.

परतताना त्याने विचारले, "चाचांचं पूर्ण नाव काय होतं?" मनिऑर्डरीच्या पावत्या अजून माझ्याकडे आहेत. रात्री त्या काढून मी त्याला नाव लिहून दिले. ते जुने झाकण आता त्याच्या गॅरेजात, वहीच्या वरच्या खुंटीवर टांगले आहे. त्याच्या आतल्या बाजूला त्याने रंगाने 1968 हे साल आणि दोन नावे लिहिली आहेत. पहिले चाचांचे, दुसरे आजोबांचे. बाहेरून ती दिसत नाहीत. झाकण उलटून पाहावे लागते.