सेकंदाला ७९ कोटी

शहापूर,
एप्रिलअखेर

चि. भाचेबुवांस मामाचे अनेक आशीर्वाद.

लॅपटॉपच्या पडद्याचा तू पाठवलेला फोटो मिळाला. फोनवर सांगायला घेतलं असतं, पण टोकावड्याच्या पुढे तुझा आवाज येतो-जातो आणि तू नुसतं ‘हो मामा, हो मामा’ करतोस. म्हणून लिहूनच काढलं. सरळगावला जाणारं ओळखीचं कुणी भेटलं की हे त्याच्या हाती देतो.

तुझा प्रश्न थोडक्यात असा. सेटिंगमधल्या माहितीत प्रोसेसरच्या नावापुढे २.४० गिगाहर्ट्झ लिहिलंय, टास्क मॅनेजर मात्र ०.७९ दाखवतो. मग जुना लॅपटॉप विकणाऱ्याने आपल्याला टोपी घातली का? घातली नसावी. नावापुढचा २.४० हा आकडा नावाचाच भाग असतो. कारखान्यातून निघतानाच तो चिपमध्ये कोरलेला असतो आणि विंडोज तो नुसता वाचून दाखवतं. लॅपटॉप धापा टाकत असला तरी तिथे २.४०च दिसणार. आत्ता या घडीला वेग किती, हे बघायचं तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबून परफॉर्मन्स या पानावर जावं लागतं. तू नेमका तिथेच गेलास, हे बरं केलंस. कमांड टाइप करून वेग काढण्याचे उपाय मित्र सांगतील, पण त्यातल्या पुष्कळ कमांड पुन्हा तोच छापील आकडा तुझ्या तोंडावर फेकतात. लिनक्स असतं तर सीपीयूइन्फो नावाची फाइल उघडून प्रत्येक कोअरचा वेग वेगवेगळा वाचता आला असता.

आता या हर्ट्झचा हिशेब. प्रोसेसर ठोक्यावर चालतो. २.४ गिगाहर्ट्झ म्हणजे सेकंदाला २४० कोटी ठोके. दोन ठोक्यांच्या मधल्या वेळात प्रकाशसुद्धा जेमतेम साडेबारा सेंटीमीटर, म्हणजे तुझ्या अर्ध्या वितीएवढा जातो. इतक्या जलद चालणाऱ्या गोष्टीने स्वतःचा वेग कसा मोजायचा? एकट्याने मोजता येतच नाही. घड्याळ पुढे पळतंय की मागे पडतंय, हे त्याच घड्याळाकडे बघून कसं कळणार? दुसरं घड्याळ लागतंच. म्हणून आत दोन मोजण्या चालू असतात. एक मोजणी प्रोसेसरच्या खऱ्या ठोक्यांबरोबर वाढते, दुसरी ठरावीक वेगाने, प्रोसेसर पळो की रांगो. दोन्हींचं गुणोत्तर काढून छापील वेगाला गुणलं की चालू वेग मिळतो. टास्क मॅनेजरमधला आकडा असा येतो. तो त्या क्षणाचा नसतो, मागच्या थोड्या वेळाची सरासरी असतो, म्हणून सारखा बदलत राहतो.

प्रोग्रामला हे ठोके थेट वाचता यावेत अशी सोय इंटेलने पहिल्यांदा पेंटियममध्ये दिली, १९९३ साली. ज्यांना पेंटियमचे जनक म्हणतात ते विनोद धाम जन्माने पुण्याचे. पहिला पेंटियम ६० आणि ६६ मेगाहर्ट्झचा होता, म्हणजे तुझा ‘अडकलेला’ लॅपटॉपसुद्धा त्याच्या बारापट ठोके देतोय. त्याआधी १९८१चा आयबीएम पीसी ४.७७ मेगाहर्ट्झवर चालायचा. हा वेडावाकडा आकडा कुठून आला? अमेरिकेतल्या रंगीत टीव्हीसाठी १४.३१८१८ मेगाहर्ट्झचे स्फटिक स्वस्तात मिळायचे. त्याला तीनने भागलं, झालं.

नव्वदच्या दशकातली एक गंमत तुला माहीत नसेल. आमच्या वेळी क्लासमधल्या कॉम्प्युटरच्या डब्यावर लाल आकड्यांची छोटी पाटी असे आणि शेजारी ‘टर्बो’ लिहिलेलं बटण. बटण दाबलं की ३३चे ६६ होत. आम्ही पोरं त्या ६६कडे बघत बसायचो. खरं तर ती पाटी काहीही मोजत नसे. कोणते आकडे दाखवायचे ते जोडणी करणारा माणूस मागच्या पिना जुळवून ठरवायचा. त्याच्या मनात आलं असतं तर ९९ दाखवले असते. बटणाचा खरा उपयोगही उलटाच, जुने गेम फार पळू लागले तर मशीन हळू करायला. त्याच दशकात कमी वेगाच्या चिपवरचा छाप खरवडून जास्त वेगाचा छाप मारण्याचा धंदा जगभर चालला. तेव्हापासून डब्यावर लिहिलेल्या आकड्यावर माझा विश्वास नाही, आणि तुझाही नसावा.

तुझ्या ०.७९कडे येतो. आकडा खाली दिसला म्हणून लगेच घाबरायचं नसतं. काम नसलं की प्रोसेसर मुद्दाम वेग कमी करतो, त्याने बॅटरी वाचते आणि मशीन थंड राहतं. काम आलं की उलट छापील वेगाच्याही वर जातो. इंटेल या वरच्या वेगाला टर्बो बूस्ट म्हणते, २००८पासून. त्याचं चालणं कसाऱ्याच्या बँकर इंजिनांसारखं आहे. घाट चढायचा तेवढ्यापुरती जादा इंजिनं जोडतात, इगतपुरी आली की सोडतात. चिपलाही हा जादा जोर कायम परवडत नाही, कारण उष्णता साठत जाते.

पण तुझ्या फोटोत वेगाशेजारीच वापराचा आकडा आहे, ९८ टक्के. म्हणजे घाट समोर उभा आहे, गाडी भरलेली आहे, आणि वेग तरीही ०.७९. ही काही विश्रांती नव्हे. त्यात आकडाही बोलका आहे. अशा प्रोसेसरला १०० मेगाहर्ट्झचा पायाभूत ठोका मिळतो आणि तो त्याला एका गुणकाने गुणतो. २४ने गुणलं की २.४०. आठने गुणलं की ०.८०, आणि मूळ ठोका शंभरला किंचित कमी भरतो म्हणून पडद्यावर ०.७९. तुझा प्रोसेसर आठच्या गुणकावर अडकून पडलाय. पुष्कळ चिपमध्ये तीच सगळ्यात खालची पायरी असते. त्याला कुणीतरी तिथे धरून ठेवलंय.

तुझे वडील म्हणतील, व्होल्टेज कमी आहे. पंप चालू झाले की आपल्याकडे बल्ब पिवळा पडतो, पंखा मंदावतो, म्हणून तसं वाटणं साहजिक आहे. पण चार्जरवर बारीक अक्षरांत १०० ते २४० व्होल्ट लिहिलेलं असतं. तेवढ्यात कुठेही असलं तरी तो आतमध्ये ठरलेलाच दाब देतो, आणि पुढे मदरबोर्ड तो उतरवून प्रोसेसरला एका व्होल्टच्या आसपास पुरवतो. मंद व्होल्टेजने कॉम्प्युटर मंद चालत नाही. चालतो, नाहीतर बंद पडतो.

उष्णतेचा संशय मात्र रास्त आहे. बऱ्याच लॅपटॉप प्रोसेसरांची सहनशक्ती १०० अंश सेल्सियसच्या आसपास संपते, मग ते स्वतःला वाचवायला वेग उतरवतात. वैशाखात तुमच्या पत्र्याखाली दुपारी माणूस टिकत नाही, आणि तू तो लॅपटॉप गोधडीवर ठेवून बसतोस हे मी डोळ्यांनी पाहिलंय. गोधडीने खालच्या जाळ्या बंद होतात. पाटावर ठेव, आणि पंख्याची धूळ मऊ ब्रशने काढ. पण उष्णतेने वेग साधारणपणे चढतो-उतरतो, असा एकाच आकड्याला चिकटून बसत नाही. आणि सकाळी गार असतानाही ०.७९च येतो, असं तू लिहिलंस. म्हणून माझा मुख्य संशय चार्जरवर आहे.

मूळ चार्जर जळाल्यावर ताईने बाजारातून स्वस्तातला आणला ना? काही लॅपटॉप चार्जरला ओळख विचारतात. पिनेच्या मधोमध जी बारीक सुई असते तिच्यातून चार्जर सांगतो की मी इतक्या वॅटचा. उत्तर आलं नाही तर लॅपटॉप समजतो की हा अशक्त असणार, आणि चार्जरवर ताण पडू नये म्हणून प्रोसेसरला तळाच्या पायरीवर बसवतो. सुरू होताना काळ्या पडद्यावर चार्जरबद्दल इंग्रजीत ओळ येते का ते बघ. मग असं कर. बॅटरी चांगली भरलेली असू दे. टास्क मॅनेजर उघडा ठेवून काहीतरी जड काम लाव आणि चालू असतानाच चार्जर काढ. आकडा उसळून दोनच्या वर गेला, तर चोर सापडला. नाही गेला, तर पॉवरच्या सेटिंगमध्ये प्रोसेसरची कमाल मर्यादा कुणी खाली ओढून ठेवली आहे का ते पाहा. ती १०० टक्के हवी. ९९ केली तरी टर्बो बंद होतो.

चार्जर घेताना दुकानदाराच्या शब्दावर जाऊ नकोस. त्यावरचे व्होल्ट आणि अँपिअर स्वतः गुणून बघ. १९.५ आणि ३.३४ असेल तर ६५ वॅट. लॅपटॉपच्या पोटावर लिहिलेल्या आकड्याशी ते जुळायला हवेत. प्रोसेसरवरचं हे वेगाचं बंधन उठवणारं सॉफ्टवेअरही मिळतं आणि तुझे मित्र ते सुचवतीलच. ते वापरू नये असं माझं मत. चार्जर खरंच कमी ताकदीचा असेल तर पत्र्याच्या घरात तापलेली वस्तू रात्रभर भिंतीला लावून ठेवल्यासारखं होईल.

आणि वेग २.४० झाला म्हणून सगळं चुटकीसरशी उघडेल असंही धरून चालू नकोस. तुमच्या मुरबाड तालुक्यातलं धसई २०१६च्या डिसेंबरात राज्यातलं पहिलं कॅशलेस गाव म्हणून जाहीर झालं, दुकानांत कार्डाची यंत्रं आली. अशा यंत्रापुढे माणूस थांबतो तो आतल्या चिपसाठी नाही, नेटवर्कसाठी. तुझ्याकडे तसं हार्ड डिस्कचं आहे. टास्क मॅनेजरच्या त्याच पानावर खाली डिस्क आहे. तिथे सारखे १०० टक्के दिसत असतील तर प्रोसेसर रिकामा बसून वाट बघतोय. मग जुनी फिरती डिस्क काढून एसएसडी घालायची. ते काम तू इकडे आलास की आपण मिळून करू. एका स्क्रू ड्रायव्हरचं काम आहे.

चार्जर काढल्यावर काय आकडा आला त्याचा फोटो पाठव, वापराचा आकडाही दिसू दे. ताईला सांग, फणस पोचला, कापा निघाला. दाजींना नमस्कार.

तुझा,
मामा