हिवाळ्यातील गळ आणि तापीचे पाणी

सुरत शहराच्या आग्नेय अंगास वसलेल्या लिंबायतची पहिली ओळख यंत्रमागांच्या खडखडाटाने होते. उधना-जळगाव लोहमार्गाने खानदेशातून आलेली असंख्य मराठी कुटुंबे येथे स्थिरावली. त्यांच्या घरांत अहिराणी अजून ऐकू येते. त्यांची आणखी एक गाववाली सुरतेस येते, ती तापी. मुलताईस उगम पावून, भुसावळ, सारंगखेडे, प्रकाशे असा खानदेश ओलांडून ती ७२४ किलोमीटरांचा प्रवास सुरतेपलीकडे समुद्रात संपविते.

हिवाळ्यात सुटीच्या दिवशी गळ घेऊन बसावे, हा आमचा जुना छंद. लिंबायतमधून वाहणारी मिठी खाडी घराजवळची. पण सांडपाण्याने तिचे पाणी काळवंडले आहे, आणि पावसाळ्यात तेच वस्तीत शिरते. तिच्यातला मासा ताटात घेण्याचे धाडस कोण करील? म्हणून आम्ही शहर ओलांडून सिंगणपोर-रांदेरच्या कॉजवेच्या वरच्या बाजूस जातो. १९९५ साली बांधलेल्या या बंधाऱ्याने भरतीचे खारे पाणी खाली अडविले आणि वर गोडे पाणी साठले. त्या पाण्यात रोहू, मृगळ, शिंगाळा आणि १९५२ साली भारतात आणलेला आफ्रिकेचा तिलापिया अशी मिश्र वस्ती आहे.

आमचे साहित्य अगदी साधे. लांब बांबूची काठी, तिच्या टोकाला काठीएवढीच दोरी, बारीक गळ आणि पाण्यावर तरंगणारे मोरपिसाच्या देठाचे तुकडे. चक्री नाही. इंग्लंड-फ्रान्समध्येही असेच चक्रीवाचून मासे धरतात; मात्र तेथील काठ्या पंधरा-सोळा मीटरांपर्यंत लांब असतात, आणि धरलेला मासा बहुधा पुन्हा पाण्यात सोडतात.

खरी कसोटी असते ती चाऱ्याची. भाजलेला तांदळाचा कोंडा, शेंगदाण्याची पेंड आणि चिमूटभर भाजलेली मेथी किंचित ओलवून लिंबाएवढे गोळे करावेत. गोळा तळाशी जाता जाता फुटावा व त्याचा वास पसरावा. उन्हाळ्यात सढळ हाताने चारा टाकला तरी चालतो, हिवाळ्यात नाही. माशाच्या अंगाची ऊब पाण्याच्या उबेवर ठरते. पाणी गारठले की त्याचे पचन मंदावते आणि भूक कमी होते. अशा वेळी पुष्कळ चारा टाकला तर मासा तेवढ्यावरच तृप्त होतो, गळाकडे फिरकत नाही. उरलेला चारा तळाशी कुजतो. म्हणून एक गोळा टाकावा, वाट पाहावी, मग दुसरा. चारा हे आमंत्रण आहे, जेवण नव्हे. गळाला कणीक लावायची तीही ज्वारीच्या दाण्याएवढी. ऊन वर आल्यावर, दुपारच्या सुमारास, मोरपीस नुसते थरथरते. तेवढ्यावर काठी उचलावी लागते. शिंगाळा लागला तर त्याच्या काट्यांपासून बोटे जपावीत.

ही विद्या आपल्याकडे नवी नाही. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकातील ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथात मत्स्यविनोदाचे स्वतंत्र प्रकरण असून, माशांना कोणता चारा घालावा याचाही त्यात विचार आहे. राजाचा तो विनोद आज मागावर बारा तास उभा राहणाऱ्या कामगारालाही परवडतो, कारण त्याला बांबू, पेंड आणि धीर यांपलीकडे काही लागत नाही.

मात्र त्याला एक चौथी वस्तू लागते, ती म्हणजे स्वच्छ पाणी. कॉजवेच्या वरचे हेच पाणी सुरत शहर पिते. तेव्हा चारा बेतानेच टाकावा, तुटलेली दोरी व पिशव्या परत न्याव्यात, हा नियम माशांसाठी आहे तसाच आपल्या घरच्या माठासाठीही आहे. लिंबायतच्या मुलांना गळ शिकविण्यासाठी शहराच्या दुसऱ्या टोकाला न्यावे लागते, याची आम्हांस खंत वाटते. तरीही न्यावे. निर्मळ पाण्यावर मोरपीस थरथरताना ज्याने पाहिले, तोच उद्या दारातल्या खाडीबद्दल जाब विचारील.