चाक सुटलं पाहिजे, पाणी शिरता कामा नये

इलेक्ट्रिक सायकल घेऊ का, असं कुणी विचारलं की मी आधी उलट विचारतो : पंक्चर झालं तर मोटारीचं चाक काढणार कसं? हब मोटार म्हणजे चाकाच्या तुंब्यातच बसवलेली मोटार. तिच्या वायरी आसातून बाहेर येऊन कंट्रोलरकडे जातात. त्या मध्ये कुठेतरी सुटल्या पाहिजेत, नाहीतर चाक फ्रेमपासून वेगळं होत नाही. आणि जिथे सुटतात तिथेच पाणी शिरतं. सगळा घोळ इथे आहे.

आमच्या कामठ्याला हा घोळ जरा जास्तच. गोंदिया जिल्हा धानाचा. रोवणीच्या दिवसांत दोन्ही बाजूंच्या बांध्या तुडुंब आणि रस्त्यावरही पाणी. साध्या सायकलला माझे गुडघे आता तयार नाहीत. हिच्या गोळ्या आणायला गोंदियाला जावं लागतं, आणि त्यासाठी मुलाला नागपूरहून बोलवायचं नाही हा माझा हट्ट. म्हणजे सायकल भर जुलैत चालायला हवी.

किटबरोबर आलेल्या जोडण्या साध्या प्लास्टिकच्या, उघड्या. तीन जाड वायरी मोटारीला वीज देतात. पाच बारीक वायरी हॉल सेन्सरच्या. चाक फिरताना चुंबक कुठे पोचले ते त्या कंट्रोलरला कळवतात. वर्गात हजेरी चुकली की पुढचा सगळा हिशोब चुकतो ना, तसंच. या बारीक पिनांत ओल गेली की मोटार ऐन रस्त्यात गचके देते. आणि जाड वायरीतली वीज ओलीमुळे बारीक वायरीत उतरली, तर कंट्रोलरच जातो.

आमचा सायकलवाला म्हणाला, "गुरुजी, कायले इतका विचार करता? टेप मारून देतो." पण टेप पाणी अडवत नाही, आत गेलेलं धरून मात्र ठेवते. मग तांब्याच्या भांड्यावर चढतो तसा हिरवा थर पिनांवर चढतो. दुसरा उपाय वायरी थेट डाखून टाकण्याचा. पाण्याच्या दृष्टीने उत्तम, पण मग पंक्चरच्या वेळी कात्री आणि डाखणीची इस्त्री लागणार! गावातल्या माणसाला हातानं उघडता येईल असंच काहीतरी हवं होतं.

शेवटी नऊ पिनांची गोल जोडणी घेतली. तीन जाड, पाच बारीक आणि नववी बहुधा वेग मोजण्याची. माझ्या २५० वॅटच्या मोटारीला ती पुरते; ताकदवान मोटारीला जाड पिनांची हवी. घेताना आयपी आकडा पाहावा. पहिला अंक धुळीचा, दुसरा पाण्याचा. ६७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास तग धरणारी, पण जोडणी पूर्ण बसलेली असेल तरच. शिवाय बुडण्याची परीक्षा वेगळी आणि जोराच्या फवाऱ्याची वेगळी. म्हणून शेतातल्या पंपाच्या पाइपाने सायकल धुऊ नये. जोडताना दोन्हीकडचे बाण समोरासमोर आणून सरळ दाबायची, काढताना सरळ ओढायची. पिळली की पिना वाकल्याच.

नव्या जोडणीची वायर जुन्या वायरीला डाखली, तिथे आतून गोंद असलेली, गरम केल्यावर आक्रसणारी नळी चढवून घेतली. हे टाळू नका. समईत तेल वातीतून चढतं, तसं पाणी वायरीतल्या बारीक तारांमधून आतल्या आत सरकतं आणि लांबच्या कंट्रोलरपर्यंत पोचतं.

आणखी एक फुकटची गोष्ट. आसातून निघालेली वायर आधी खाली झुकवून मग वर जोडणीकडे न्यायची. पाणी त्या झोळापाशी येऊन ठिबकतं, वर चढत नाही. घरांवर येणाऱ्या विजेच्या वायरीला असाच झोळ असतो, कधी पाहिलंत का?

सायकलवाल्याला हे सारं दाखवलं. त्याने दोनदा काढून-घालून पाहिलं आणि तिसऱ्यांदा बाण न बघता बसवली. आता एक जादा एक्स्टेंशन वायर तेवढी आणून ठेवायची आहे; कंट्रोलरकडची पिन वाकली तर वायर कापायला नको, तीच बदलता येईल.