दोन घराणी

ज्या बडोद्यात आग्रा घराण्याचे उस्ताद फैयाजखाँ दरबारगायक होते, तेथे घराण्यांवरून हुज्जत घालणे नवे नव्हे. हल्ली आमच्या वर्गात मात्र हुज्जत चालते ती फोनच्या घराण्यांची.

एक घराणे ॲपलचे. त्याचा आयफोन २००७ साली आला. दुसरे ॲन्ड्रॉइडचे, ते गूगलने २००५ साली विकत घेतले व त्यावरील पहिला फोन २००८ साली निघाला. पहिल्याची शिस्त करडी. यंत्र त्याचे, आतील प्रणालीही त्याचीच. दुसऱ्याने आपली चीज सर्वांस शिकविली, म्हणून अनेक कंपन्या ती आपापल्या गळ्याने गातात. (ब्लॅकबेरीचीही एके काळी गादी होती, तिच्या जुन्या फोनांची सेवा ४ जानेवारी २०२२ रोजी थांबली.)

आमच्या घरी हा वाद आजीसाठी फोन घ्यावयाचे ठरले तेव्हा पेटला. आजोबांमागे मिळणारे निवृत्तिवेतन जमा झाले की नाही ते पाहावे आणि नागपूरच्या बहिणीस मराठीत लिहावे, एवढीच तिची इच्छा.

लिहिण्याचा प्रश्न लवकर सुटला. दुसऱ्या कोणी केलेला कळफलक बसविण्याची मुभा ॲन्ड्रॉइडने २००९ साली दिली, आयफोनने २०१४ साली. मराठी लिहिणाऱ्यास ती पाच वर्षे थोडी नव्हेत. पण आज दोहींवर मराठी सुबक उमटते.

खरी अडचण पैशांच्या राखणीची. फोन न बिघडताही म्हातारा होतो. कंपनीने सुरक्षेची डागडुजी थांबविली, की चोरास सापडलेली फट उघडीच राहते. २०१५ सालच्या आयफोन सिक्स-एसला २०२१ सालची नवी प्रणालीही मिळाली. स्वस्त ॲन्ड्रॉइड फोनांत ही डागडुजी पुष्कळदा दोन-तीन वर्षांत आटोपते, कारण गूगलने केलेली दुरुस्ती फोन बनविणाऱ्याच्या हातातून पुढे यावी लागते आणि त्यास नवा फोन विकण्याची घाई असते. पिक्सेल ८ ला २०२३ साली व सॅमसंगच्या एस२४ ला २०२४ साली सात वर्षांचे वचन मिळाले खरे, पण ते महागड्यांस. शिवाय ॲन्ड्रॉइडवर दुकानाबाहेरचे ॲपही बसते; लग्नपत्रिकेच्या नावाने फाइल धाडणारे ठग याच दाराने शिरतात. आमच्या मते ॲन्ड्रॉइडचा मोकळेपणा हाच त्याचा मोठा गुण, आणि आजीपुरता तोच मोठा दोष.

तरीही आयफोनची किंमत ऐकून बाबा म्हणाले, "एवढ्यात घराला रंग लागेल!" त्यापुढे आमचे वक्तृत्व चालले नाही. मध्यम किमतीचा ॲन्ड्रॉइड घ्यावयाचे ठरले. दुकानदार कॅमेऱ्याचे गुण गात होता; आम्ही विचारले, "सुरक्षेची दुरुस्ती कोणत्या सालापर्यंत?" त्याला कंपनीचे पान उघडून पाहावे लागले.

आजीचा प्रश्न एकच होता, "अक्षर मोठे होते ना रे?" होते, दोन्ही घराण्यांत होते. बाहेरची ॲप बसविण्याची परवानगी आम्ही बंदच ठेवली आणि दुकानदाराने सांगितलेले साल खोक्यावर शाईने लिहून ठेवले आहे.