पोच

तिशी उलटल्यावर पुन्हा विद्यार्थी होण्यात थोडा संकोच असतो. दिवसभर केंद्र सरकारच्या कचेरीत टिपणे लिहावीत आणि रात्री भिलाईच्या क्वार्टरमध्ये दूरशिक्षणाची पुस्तके उघडावीत, असा आमचा क्रम गेले वर्षभर चालू आहे. विषय संगणकांच्या समूहांचा, म्हणजे ‘क्लस्टर’चा, आणि ‘क्लाउड’चा. मेघ म्हणताच आम्हांस रामटेक आठवले. धन्याच्या आज्ञेने वर्षभर घरापासून दूर पडलेला यक्ष हा तुमच्याआमच्यातलाच! त्याने निरोप धाडला खरा. परंतु पोच काही आली नाही. आवक-जावक सांभाळणाऱ्या माणसाच्या मनाला ही गोष्ट लागते.

समूहाची कल्पना साधी आहे. एकच अजस्र यंत्र घेण्याऐवजी अनेक लहान यंत्रे जोडावीत आणि काम वाटून द्यावे. पुण्यात १९८८ साली सी-डॅक स्थापन झाली आणि विजय भटकर ह्यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये ‘परम ८०००’ तयार झाला, तो अनेक प्रक्रियक एकत्र राबवूनच. १९५५ साली ज्या रशियाशी करार होऊन आमचे भिलाई उभे राहू लागले, त्याच्या राजधानीतही पुढे ‘परम’ बसवला गेला. हा योगायोग आम्हांला विलक्षण सुखावून गेला. क्लाउड म्हणजे अशीच दूरची यंत्रे गरजेपुरती भाड्याने घेणे. सरकारचाही ‘मेघराज’ आहेच.

आम्ही अडखळलो ते एका लहानशा प्रकरणाशी. समूहातले प्रत्येक यंत्र ठरावीक वेळाने ‘मी आहे’ असा निरोप धाडते. त्यास ‘हार्टबीट’ म्हणतात. निरोप आला नाही की इतर यंत्रे त्यास मृत समजून त्याचे काम दुसऱ्याकडे सोपवतात. परंतु ते बंद पडले, मंदावले, की मधली वाटच तुटली, हे नुसत्या शांततेवरून कळत नाही. निरोपास किती वेळ लागेल ह्याला मर्यादा नसेल, तर एक यंत्र बंद पडण्याच्या शक्यतेनेही सर्वांच्या एकमताची हमी उरत नाही, हे फिशर, लिंच आणि पॅटरसन ह्यांनी १९८५ साली सिद्धच केले आहे.

आमच्या मातोश्री कऱ्हाडजवळच्या गावी एकट्या राहतात. रात्री आठला फोन, हा नेम. गेल्या आषाढात दोन रात्री फोन लागला नाही. वाट किती पाहावी? घाई केली तर जिवंतास मृत ठरवावे लागते. उशीर केला तर, नको तो विचार! दुसऱ्या रात्री पत्नीने बॅग भरली, आम्ही रजेचा अर्ज लिहिला आणि गोंदियाहून सुटणाऱ्या महाराष्ट्र एक्स्प्रेसची वेळ पाहिली. तिसऱ्या दिवशी पहाटे फोन वाजला. गावात वीज नव्हती, टॉवर बंद होता. आमचा आवाज ऐकताच मातोश्री म्हणाल्या, “तुझंच काही बरंवाईट झालं की काय, म्हणून दोन रात्री डोळ्याला डोळा नाही.”

महत्त्वाच्या मजकुराच्या बहुधा तीन प्रती तीन ठिकाणी ठेवतात, असे पुढच्याच धड्यात होते. तो धडा आम्ही त्या दिवशी वाचला नाही.

भिलाईला यायला त्या तयार नाहीत. त्यांची गाय आहे, तुळस आहे. आता शेजाऱ्यांचा आणि किराणा दुकानदाराचा क्रमांक आम्ही लिहून घेतला आहे. परीक्षा डिसेंबरात आहे. उत्तीर्ण झालो, तर पुण्याच्या तांत्रिक जागेसाठी अर्ज करता येईल. मातोश्रींना हे अद्याप कळवलेले नाही.