आमचे साहेब आणि हॉफमन

बँकेतल्या कारकुनाने बँक लुटणाऱ्याची बाजू घेऊ नये, हे मलाही कळतं. पण ‘स्ट्रेट टाइम’ (१९७८) पाहताना माझं तसं झालं खरं! सहा वर्षं तुरुंगात काढून डस्टिन हॉफमन लॉस एंजेलिसला येतो. डब्यांच्या कारखान्यात नोकरी धरतो. बिचारा अगदी नाकासमोर चालत असतो. तेवढ्यात त्याच्यावर नजर ठेवणारा साहेब खोलीवर येतो, त्याला जळकी काडी सापडते आणि स्वारी पुन्हा गजाआड! नशा केली मित्राने, खोली याची.

“मेला हसत हसत बेड्या घालतो!” मी करवादलो.

“ते हसू ओळखीचं वाटतंय,” ही म्हणाली. “परवा सही जुळत नाही म्हणून त्या आजोबांना परत पाठवलंत ना, तेव्हा अस्संच हसला होतात.”

पुढे हॉफमनने बँक लुटली, तेव्हा मी चष्मा पुसत होतो. मूळ कादंबरी लिहिणारा एडवर्ड बंकर स्वतःच तुरुंगवास भोगलेला. टेबलामागची माणसं समोरून कशी दिसतात, हे त्याला पक्कं ठाऊक!

सोमवारी आजोबा पुन्हा आले. हात तसाच थरथरत होता.

“बसा काका, आधी चहा घ्या. सही मग सावकाश करू.”

त्यांनी पासबुक घट्ट छातीशी धरलं आणि माझ्याकडे संशयाने पाहिलं.