गाळाची पुण्याई

बजबजला हुगळीकाठचा गाळ इतका ओला, की पाइप ठोकला की अर्थ टेस्टरचा आकडा झरझर खाली येतो. रत्नागिरीच्या जांभ्यावर मीठ-कोळसा ओतून हात टेकलेल्या मराठी वायरमनला इथे आपण मोठे कारागीर वाटू लागलो. ‘एक ओहमच्या आत!’ हे तो चहाच्या टपरीवरही ऐकवी. पुण्याई गाळाची, मिरवणारा तो. आणि मिरवणं अजून सुटलेलं नाही.

आता हात थरथरतो. बोल्ट आवळायचं काम शिकाऊ बंगाली पोराकडे गेलं. त्यानं एकदा विचारलं, “दादा, न्यूट्रलचे दोन खड्डे, बॉडीचे दोन, सगळे चांगले. मग दोन्हींना जोडणारी मधली पट्टी कशाला?”

त्या पट्टीवर वायरमन तासन्‌तास बोलू शकतो. धरा, न्यूट्रलची बाजू 1 ओहम, बॉडीची 2. पट्टी नाही. 100 केव्हीए ट्रान्सफॉर्मरच्या आत 240 व्होल्टचा फेज टाकीला टेकला. मातीतून परतणारा प्रवाह 80 अँपिअर. अकरा हजार व्होल्टच्या बाजूला जेमतेम 2. तिथला पूर्ण भारच 5 अँपिअरच्या वर, म्हणून फ्यूज ढिम्म. टाकी मात्र 160 व्होल्टवर, हात लावणाऱ्याची वाट पाहत. पट्टी असेल तर सुमारे 3 हजार अँपिअर धावतात आणि फ्यूज उडतो.

पण गाठ इथेच बसते. जोडलेल्या अर्थिंगवर अकरा हजाराचा दोष आला, तर न्यूट्रल चढतो आणि ते व्होल्टेज घरोघर पोचतं. म्हणून एकत्रित रोध 1 ओहमच्या आत हवा. गाळ खरा कामाला येतो तो इथे. जांभ्यावर हीच पट्टी जोडताना त्याला दहादा विचार करावा लागे.

सीईएससी या वीज कंपनीच्या इथल्या 750 मेगावॉटच्या केंद्रासारख्या ठिकाणी स्विचयार्डखाली लोखंडी जाळंच पुरतात. तिथे हा वाद उरत नाही. वाद असतो तो कारखान्याच्या कोपऱ्यातल्या एकट्या ट्रान्सफॉर्मरचा. तिथे ‘केमिकल अर्थिंग’वाले येतात, आकडा दाखवतात, बिल लावतात. पट्टीच्या सांध्याखाली रंग राहिला की गंज चढला, हे कोण बघतो? ही पिढी मीटर वाचते, बोल्ट वाचत नाही, असं त्याचं ठाम मत; त्यात थोडी जळजळही आहे.

तुमच्या आवारात ट्रान्सफॉर्मर असेल, तर पुढच्या शटडाउनला परवानाधारक वायरमनकडून ती पट्टी तपासून घ्या. सप्लाय चालू असताना मात्र तिला कुणालाही हात लावू देऊ नका.